कुलूप स्वादुपिंडात, किल्ली आतड्यात

एका ताईंचा प्रश्न आहे. वडील बासष्ट वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा जुनाट दाह, असल्याचं कळलं आणि आता डॉक्टरांनी एन्झाइमच्या, म्हणजे अन्न तोडणाऱ्या पाचक प्रथिनांच्या, कॅप्सूल सुरू केल्या आहेत. त्या विचारतात: स्वादुपिंड हा पाचकरस बनवतं आणि सोडतं ते नेमकं कसं? जो रस मटण पचवतो तो स्वादुपिंडालाच कसा पचवत नाही? आणि या कॅप्सूल जेवणानंतर घेतल्या तर चालतात का?

मी पोटाचा सर्जन आहे. उत्तराला दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचे दोन्ही अर्धे सुटतात.

आमच्या वॉर्डात अधूनमधून दिसणारं एक दृश्य सांगतो. एका कॉटवर स्वादुपिंडाची शेपटी काढलेला पेशंट आहे. कापलेल्या टोकातून थोडा रस झिरपतोय आणि पोटात ठेवलेल्या नळीतून पिशवीत जमतोय. पाण्यासारखा स्वच्छ. लॅबला पाठवला तर ॲमायलेज या एन्झाइमचा आकडा हजारांत येतो, म्हणजे अस्सल स्वादुपिंडाचा रस. नळीच्या कडेने तो थोडा कातडीवरही ओघळतो, पण कातडीला फारसं काही होत नाही. शेजारच्या कॉटवर ड्युओडेनमला, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाला, गळती लागलेला पेशंट आहे. त्याच्या पिशवीतही स्वादुपिंडाचाच रस आहे, फक्त त्यात पित्त आणि आतड्याचा रस मिसळलाय, म्हणून रंग हिरवट. त्याच्या नळीभोवतीची कातडी रात्रीतून लालभडक होते, दुसऱ्या दिवशी सोलवटते. सिस्टर झिंकच्या मलमाचे थरावर थर देतात आणि तरी तो माणूस विव्हळतो.

रस तोच. एका कॉटवर गरीब गाय आणि दुसऱ्या कॉटवर ॲसिड टाकल्यासारखा. फरक एवढाच, की दुसऱ्या रसाला आतड्याचा स्पर्श झालाय. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: मांस पचवणारी एन्झाइम स्वादुपिंडातून कुलूपबंद निघतात, आणि किल्ली स्वादुपिंडाकडे नसते, ती आतड्याच्या अस्तरावर असते.

आता कारखान्यात जाऊ.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवं पडलेलं असतं. लांबी साधारण वीतभर, वजन 80 ते 100 ग्रॅम. डोकं ड्युओडेनमच्या कमानीत बसलेलं, शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत पोचलेली. रंग फिकट पिवळसर, बोटाला बारीक दाणेदार लागतं. निरोगी स्वादुपिंड इतकं मऊ असतं की त्यावर टाका घेणं म्हणजे ताजं लोणी शिवणं, म्हणून आम्ही सर्जन त्याला हात लावायला बिचकतो. लोकांना स्वादुपिंड म्हटलं की इन्सुलिन आणि डायबिटीस आठवतो. पण इन्सुलिन बनवणारी बेटं (1869 साली पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ती पहिल्यांदा पाहिली, त्यांचं काम काय हे त्यालाही माहीत नव्हतं) वजनाच्या हिशेबात जेमतेम एक-दोन टक्के. जवळजवळ सगळा अवयव पाचकरसासाठीच राबत असतो.

मायक्रोस्कोपखाली तो द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. एकेका द्राक्षात पेशी गोलाकार बसलेल्या, त्यांची टोकं मधल्या बारीकशा पोकळीकडे वळलेली. पोकळीतून देठासारखी नळी निघते, अशा नळ्या एकमेकींना मिळत मिळत मुख्य नलिका होते. या द्राक्षांना ॲसिनस म्हणतात आणि त्यातल्या पेशींना ॲसिनार पेशी. ही पेशी रंग देऊन पाहिली तर तिचे दोन भाग स्पष्ट वेगळे दिसतात. रक्तवाहिनीकडचा भाग गडद निळसर, कारण तिथे प्रथिनं बनवणारी यंत्रं दाटीवाटीने भरलेली. पोकळीकडचा भाग गुलाबी दाण्यांनी भरलेला. एका बाजूने कच्चा माल आत, दुसऱ्या बाजूने पक्का माल बाहेर.

माल आत कसा फिरतो, हे जॉर्ज पॅलाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडावर शोधून काढलं. प्रयोगाची युक्ती मला आजही आवडते. स्वादुपिंडाच्या पातळ चकत्या घेतल्या आणि त्यांना फक्त तीन मिनिटं किरणोत्सारी ल्यूसिन पाजलं. ल्यूसिन म्हणजे प्रथिनाची एक वीट. नंतर लगेच साधं ल्यूसिन भरपूर दिलं, म्हणजे खूण फक्त त्या तीन मिनिटांत बनलेल्या प्रथिनावर राहिली. गावच्या जत्रेतल्या गर्दीत दहा जणांच्या कपाळावर गुलाल लावावा आणि मग ते कुठेकुठे जातात ते बघत राहावं, तसं. सुरुवातीला खुणा पेशीच्या बुडाशी, एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या जाळ्यात दिसल्या. वीसेक मिनिटांत त्या गॉल्जी नावाच्या पॅकिंग विभागात पोचल्या. दीड-दोन तासांनी पोकळीजवळच्या दाण्यांमध्ये. या कामासाठी पॅलाडे यांना 1974 साली आल्बेर क्लोद आणि क्रिस्तियान द ड्यूव्ह यांच्यासोबत नोबेल मिळालं. कुठलीही पेशी प्रथिन बनवून बाहेर कसं पाठवते, हे जगाला या अवयवामुळे कळलं. निवडही बरोबरच होती, कारण वजनाच्या मानाने इतकं प्रथिन बनवणारा अवयव शरीरात शोधून सापडायचा नाही.

त्या दाण्यांना झायमोजेन दाणे म्हणतात. झायमोजेन म्हणजे एन्झाइमचं कुलूपबंद रूप. प्रथिन कापणारी जी धारदार मंडळी आहेत, ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, इलास्टेज, कार्बॉक्सिपेप्टिडेज, ती सगळी या दाण्यांत निद्रिस्त असतात. ट्रिप्सिन हे ट्रिप्सिनोजेन म्हणून बनतं. त्याच्या सुरुवातीला काही अमिनो आम्लांचं एक शेपूट जास्तीचं असतं आणि ते आहे तोवर कात्रीची पाती बसत नाहीत. ॲमायलेज (भात, भाकरी, बटाटा यांतला स्टार्च तोडणारं) आणि लायपेज (चरबी तोडणारं) मात्र तयार अवस्थेतच भरली जातात. कारण उघड आहे. पेशीचा सांगाडा प्रथिनांचा, भाताचा नव्हे. घरात कात्री उघडी ठेवायची नाही, पण लाटणं ठेवलं तर काय बिघडतं? अर्थात हा हिशेब एका जागी फसतो, त्याबद्दल पुढे.

दाणे भरले तरी ते आपोआप फुटत नाहीत, हुकमाची वाट बघतात. रूडॉल्फ हायडेनहाइन यांनी दीडशे वर्षांपूर्वीच पाहिलं होतं, की उपाशी प्राण्याच्या पेशी दाण्यांनी गच्च भरलेल्या असतात, खाणं झालं की रिकाम्या होतात आणि काही तासांनी पुन्हा भरतात.

हुकूम दोन वाटांनी येतो.

पहिली वाट मज्जातंतूची. स्वयंपाकघरातून लसणीच्या फोडणीचा वास आला, ताट समोर आलं, पहिला घास चावला, की मेंदूतून व्हेगस नावाच्या नसेतून संदेश निघतो आणि स्वादुपिंड कामाला लागतं. अन्न अजून पोटात पोचलेलंही नसतं. इव्हान पावलॉव्ह यांना 1904 चं नोबेल मिळालं ते या पचनाच्या कामासाठी. घंटा आणि कुत्र्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण नोबेल तिच्यासाठी नव्हतं.

दुसरी वाट रक्ताची आणि ती कळली 16 जानेवारी 1902 रोजी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. तोवर सगळे पावलॉव्हच्या बाजूचे. ड्युओडेनममध्ये आम्ल गेलं की स्वादुपिंड रस सोडतं हे माहीत होतं आणि ते नसांमुळेच होतं अशी समजूत होती. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्या-मेहुण्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक तुकडा निवडला, त्याच्या सगळ्या नसा तोडल्या, फक्त रक्तवाहिन्या ठेवल्या आणि त्यात आम्ल सोडलं. रस आलाच. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, आम्लात वाळू घालून खललं, गाळलं आणि ते पाणी शिरेत टोचलं. मिनिट-सव्वा मिनिटात स्वादुपिंडातून रस टपकू लागला. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं. ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी 1905 साली वापरात आणला. म्हणजे आपण ज्या हार्मोन्सना रोज नावं ठेवतो, त्यांच्यातला पहिला सापडला तो स्वादुपिंडाच्या रसाच्या भानगडीत.

सिक्रेटिन एन्झाइम सोडायला सांगतं असा गैरसमज पाठ्यपुस्तकं वाचूनही होतो. ते मुख्यतः पाणी आणि सोडा सोडायला सांगतं. एन्झाइमचे दाणे फोडायचा हुकूम देणारं हार्मोन वेगळं: कोलेसिस्टोकायनिन, आम्ही सीसीके म्हणतो. जेवणातली चरबी आणि अर्धवट पचलेलं प्रथिन ड्युओडेनममध्ये आलं की तिथल्या पेशी सीसीके सोडतात. तेच सीसीके पित्ताशयालाही आकुंचन पावायला लावतं. हे हार्मोन एकच आहे हे कळायलाही वेळ लागला. 1928 साली पित्ताशय पिळणारं म्हणून त्याला एक नाव मिळालं, 1943 साली स्वादुपिंडाचे एन्झाइम सोडवणारं म्हणून दुसरं, आणि 1960च्या दशकात स्वीडनमध्ये शुद्ध केल्यावर दोन्ही एकच निघाली. पुरणपोळीवर तुपाची धार पडते तेव्हा पित्त आणि लायपेज जोडीने येतात, ते यामुळे. माणसात सीसीकेचा बराचसा संदेश पुन्हा व्हेगसच्या नसांमार्फतच स्वादुपिंडाकडे जातो, त्यामुळे नस की रक्त हा जुना वाद काहीसा बरोबरीत सुटला म्हणायला हरकत नाही.

पेशीच्या दारावर संदेश पोचला की आत कॅल्शियम उसळतं. सगळीकडे एकदम नाही. पोकळीकडच्या टोकाला, जिथे दाणे रांगेत उभे असतात तिथे पहिल्यांदा, आणि लाटांसारखं, चढतं-उतरतं. त्या लाटेवर दाण्याचं आवरण पेशीच्या आवरणाला चिकटतं, दोन्ही एक होतात, भोक पडतं आणि आतला माल पोकळीत सांडतो. पेशी फुटत नाही. आवरणाचा जास्तीचा तुकडा ती परत आत ओढून घेते.

पण पोकळीत सांडलेला हा माल दाट असतो आणि तो वाहून न्यायला पाणी लागतं. हे काम नळ्यांच्या भिंतीतल्या पेशींचं. जठरातून येणाऱ्या आम्लामुळे सिक्रेटिन सुटतं आणि त्याच्या सांगण्यावरून या पेशी सोड्याचं पाणी, म्हणजे बायकार्बोनेट सोडतात. रक्तात बायकार्बोनेट लिटरमागे 24 मिलिमोलच्या आसपास असतं, या रसात जोर धरल्यावर ते 120 ते 140 पर्यंत जातं. दिवसभरात दीड ते अडीच लिटर रस, त्यात साधारण 6 ते 20 ग्रॅम एन्झाइम प्रथिन. म्हणजे हा वीतभर अवयव दिवसाकाठी स्वतःच्या वजनाच्या पंधरा ते तीस पट रस ओततो. सोड्याचं काम फक्त वाहून नेण्याचं नाही. जठरातलं आम्ल तसंच ड्युओडेनममध्ये राहिलं तर लायपेज कायमचं निकामी होतं. म्हणून आधी आम्ल मारायचं, मग एन्झाइमनी कामाला लागायचं. कॅप्सूलच्या वेळी ही गोष्ट पुन्हा लागेल.

क्लोराईड आणि बायकार्बोनेटची ही देवाणघेवाण सीएफटीआर नावाच्या प्रथिनावर चालते. ते जन्मतः बिघडलेलं असेल तर रस चिकट होतो, नळ्या तुंबतात आणि बाळाचं स्वादुपिंड सुकून तंतुमय होतं. सिस्टिक फायब्रोसिस तो हाच. 1938 साली डॉरोथी अँडरसन यांनी त्याचं वर्णन केलं ते स्वादुपिंडाचा आजार म्हणूनच. फुप्फुसांनी तो नंतर गाजवला.

तर रस मुख्य नलिकेतून निघाला. 1642 साली पाडुआमध्ये विरझुंग यांनी ही नलिका शोधली. पुढच्याच वर्षी त्यांचा खून झाला. ड्युओडेनमच्या भिंतीत ही नलिका बहुतेकांमध्ये पित्तनलिकेला मिळते आणि दोघींच्या तोंडाशी एक झडप असते. झडप उघडली की रस आतड्यात. इथे किल्ली आहे: ड्युओडेनमच्या अस्तरावर बसलेलं एन्टरोकायनेज. ते ट्रिप्सिनोजेनचं शेपूट कापतं, ट्रिप्सिन जागं होतं. मग त्या ट्रिप्सिनला किल्लीची गरज उरत नाही. ते पुढच्या ट्रिप्सिनोजेनचं शेपूट स्वतः कापतं आणि कायमोट्रिप्सिनोजेन व इतर सगळ्यांची कुलपं धडाधड उघडतं. एक शिपाई जागा झाला की त्याने अख्खी छावणी उठवावी, तसं. वॉर्डातल्या दुसऱ्या कॉटवरच्या रसात हेच झालेलं असतं.

चरबीचं गणित जरा वेगळं, तिथे लायपेजला किल्ली नको, पण मदतनीस लागतो. पित्तक्षार चरबीचे थेंब बारीक करतात खरे, पण थेंबाच्या पृष्ठभागावर स्वतः इतकी गर्दी करतात की लायपेजला उभं राहायला जागा उरत नाही. कोलायपेज नावाचं छोटं प्रथिन त्याला तिथे धरून ठेवतं. चरबीच्या पचनात स्वादुपिंडाचा हात आहे हे पहिल्यांदा क्लोद बर्नार यांनी 1840च्या दशकात सशात पाहिलं. सशात पित्तनलिका आतड्यात वर उघडते आणि स्वादुपिंडाची नलिका बरीच खाली, एक फुटाच्या आसपास अंतर. चरबी खाऊ घातलेल्या सशाचं पोट उघडलं तर आतड्याच्या लसिकावाहिन्या (पचलेली चरबी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) दुधासारख्या पांढऱ्या दिसतात, आणि त्या पांढऱ्या होतात स्वादुपिंडाच्या नलिकेच्या खालून, पित्तनलिकेच्या खालून नव्हे. केवढा साधा पुरावा! नुसत्या डोळ्यांनी दिसणारा.

आता जो हिशेब फसतो म्हणालो, तो. किल्ली आतड्यात ठेवली तरी ट्रिप्सिनोजेन अधूनमधून स्वतःहून जागं होऊ शकतं, थोड्या प्रमाणात होतही असतं. त्यासाठी पेशीत आणखी कड्या आहेत. दाण्यातच ट्रिप्सिनला मिठी मारून गप्प बसवणारं एक प्रथिन भरलेलं असतं, त्याच्या जनुकाचं नाव स्पिंक-1. शिवाय ट्रिप्सिनमध्ये एक कमकुवत सांधा मुद्दाम ठेवल्यासारखा आहे, आज 122 क्रमांकाने ओळखली जाणारी जागा. तिथे दुसरं ट्रिप्सिन त्याला तोडून निकामी करू शकतं. 1996 साली अमेरिकेतल्या काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या पॅन्क्रियाटायटिस का होतो याचा शोध घेताना तोच सांधा बदललेला सापडला. ट्रिप्सिन चुकून जागं झालं की त्याला तोडणारं कुणी नाही. आपल्याकडे दारू न पिणाऱ्या तरुणांत स्वादुपिंडात खडे होणारा एक प्रकार दिसतो, केरळमध्ये तो पूर्वी फार दिसायचा. त्या पेशंटपैकी बऱ्याच जणांत स्पिंक-1 मधला बदल आढळलाय. तुमच्या वडिलांनी दारू कधी घेतली नसेल आणि तरी नातेवाईक संशयाने बघत असतील, तर हे त्यांना सांगा. मी असे पेशंट पाहिलेत जे आजारापेक्षा त्या नजरांनी जास्त खचले होते.

कड्या एकदम तुटतात तेव्हा होतो ॲक्युट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा अचानक उठणारा दाह. सगळ्यात नेहमीचं कारण पित्ताशयातला बारीक खडा. मोठा खडा पित्ताशयातच पडून राहतो. मोहरीएवढा, ज्वारीच्या दाण्याएवढा खाली सरकतो आणि त्या समाईक झडपेत अडकतो. युजीन ओपी यांनी 1901 साली बाल्टिमोरला शवविच्छेदनात असा अडकलेला खडा दाखवला होता. रस तुंबला, की पेशीच्या आत दाणे आणि कचरा जाळणाऱ्या पिशव्या, म्हणजे लायसोसोम, एकमेकांत मिसळतात. लायसोसोममधलं कॅथेप्सिन-बी ट्रिप्सिनोजेनचं शेपूट कापतं. किल्ली आतड्यात होती, पण चोराने घरातलाच चिमटा वापरला.

अशा पोटात काय दिसतं ते एकदा पाहिलं की विसरत नाही. स्वादुपिंडाभोवतीच्या चरबीवर, आतड्याच्या पडद्यावर, खडूचे ठिपके उमटल्यासारखे पांढरे डाग. आजूबाजूला गळलेल्या लायपेजने चरबी तोडलेली असते, त्यातल्या फॅटी आम्लांना रक्तातलं कॅल्शियम चिकटून साबण तयार झालेला असतो. हो, साबणच, रसायनशास्त्राच्या अर्थाने. आजार गंभीर असेल तर त्यात रक्तातलं कॅल्शियम घसरतं. लाटणं घरात उघडं ठेवलं तर काय बिघडतं, असं वर मी विचारलं होतं. भिंत फुटून ते बाहेर गेलं की हे बिघडतं.

ॲक्युट झटक्यांतून उठलेलं किंवा वर्षानुवर्षं धुमसत राहिलेलं स्वादुपिंड हळूहळू तंतुमय होतं. द्राक्षांच्या जागी देठच उरतात. तुमच्या वडिलांचं हे झालंय. यात निसर्गाने एक सवलत ठेवलीय: साठा प्रचंड आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डिमॅग्नो यांनी 1973 साली दाखवलं की एन्झाइमचं उत्पादन नेहमीच्या दहा टक्क्यांखाली जाईपर्यंत शौचातून चरबी जात नाही. म्हणून निरोगी माणसाने लग्नाचं जेवण जड झालं म्हणून एन्झाइमचं गोड सिरप प्यायलं, तर मी त्याला एवढंच सांगतो की दहापट माल घरात असताना वाण्याकडून पुडी आणलीस. आणि म्हणूनच ज्याला खरी गरज आहे त्याची तक्रार उशिरा सुरू होते. शौच फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी, भांड्याला चिकटून राहणारी, भयंकर वास; खाणं नेहमीसारखं आणि तरी वजन उतरतंय. सकाळी दोनदा फ्लश करावं लागतं का, असं मी ओपीडीत सरळ विचारतो. पेशंट लाजतात, पण त्यांची बायको लगेच मान डोलावते.

खात्री करायची असेल तर शौचातलं इलास्टेज तपासतात. एका ग्रॅममागे 200 मायक्रोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी, 100 च्या खाली म्हणजे फारच कमी. शौच पातळ असेल तर आकडा खोटाच कमी येऊ शकतो. ही तपासणी माणसाचं इलास्टेज ओळखते, कॅप्सूलमधलं नाही, त्यामुळे तपासणीसाठी कॅप्सूल बंद करायची गरज नसते.

आता तुमचा तिसरा प्रश्न. जेवणानंतर घेतली तर चालते का? नाही चालत. आणि ही चूक मी स्वतः केलीय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रिस्क्रिप्शनवर सवयीने ‘जेवणानंतर’ लिहायचो, बाकीच्या निम्म्या गोळ्यांसारखं. एक शेतकरी पेशंट तीन महिने न चुकता कॅप्सूल घेत होता. वजन अर्धा किलोही वाढलं नाही. मी डोस वाढवला, तरी तेच. शेवटी त्याला विचारलं, नेमकं कधी घेतोस? तो म्हणाला, डॉक्टर, तुम्हीच सांगितलंय, जेवून हात धुतले की. पुढच्या दोन महिन्यांत फक्त वेळ बदलून त्याचं वजन वाढायला लागलं.

कारण वर आलंच आहे. तुमचं-माझं स्वादुपिंड फोडणीच्या वासापासून रस सोडायला लागतं आणि जेवण पुढे सरकेल तसं तास-तास सोडत राहतं. रस अन्नासोबत चालतो, अन्नामागून धावत नाही. कॅप्सूलने तेच करायला हवं. पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर घ्यायची. जास्त कॅप्सूल असतील तर काही सुरुवातीला, उरलेल्या मधे. सावकाश चालणाऱ्या पंगतीत तर हे फारच महत्त्वाचं. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाबरोबर साधारण 40,000 ते 50,000 युनिट लायपेज आणि नाश्त्याला, फराळाला त्याच्या निम्मं, असा सुरुवातीचा हिशेब असतो. पुढे तुमचे डॉक्टर शौच आणि वजन बघून कमी-जास्त करतील. नुसत्या कोऱ्या चहाला किंवा फळाच्या दोन फोडींना लागत नाही. दुधाच्या चहाबरोबर शंकरपाळे खाल्ले तर लागते.

कॅप्सूलमधल्या बारीक दाण्यांवर एक लेप असतो. तो जठरातल्या आम्लात टिकतो आणि ड्युओडेनममध्ये आम्ल कमी झालं की विरघळतो. लायपेजला आम्लापासून वाचवण्याचा निरोगी शरीराचा जो बंदोबस्त आहे, त्याचीच ही नक्कल. म्हणून दाणे चावायचे नाहीत, कुटायचे नाहीत, गरम वरणात मिसळायचे नाहीत. डोस बरोबर, वेळ बरोबर आणि तरी फरक नाही, तर बऱ्याचदा वडिलांचं स्वादुपिंड पुरेसा सोडाच सोडत नसतं. ड्युओडेनम आम्लच राहतं आणि लेप सुटत नाही. अशा वेळी आम्ल कमी करणारी गोळी जोडली की कॅप्सूल काम करू लागते. तूप-तेल सगळं बंद करून माणसाला वाळवत ठेवायचा जुना सल्ला मी आता देत नाही. नेहमीचं घरचं जेवण, त्यात माफक तेल-तूप, आणि त्याच्या बरोबरीची कॅप्सूल. दारू आणि तंबाखू मात्र पूर्ण बंद, मशेरीसुद्धा. चरबीबरोबर शोषली जाणारी ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं कमी झालीत का ते वर्षातून एकदा बघायला सांगा. साखरही तपासत राहा, कारण द्राक्षं सुकतात तेव्हा बेटंही हळूहळू जातात.

आणखी एक गोष्ट, जी बरेच डॉक्टर सांगायची टाळतात. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. मी आधीच सांगतो. काही शाकाहारी पेशंट आणि काही मुसलमान पेशंट थोडा वेळ मागतात, घरी बोलतात, आपल्या गुरूंना किंवा मौलवींना विचारतात आणि बहुतेक जण औषध म्हणून घेतात. ज्यांना नंतर बाहेरून कळतं, ते न विचारता कॅप्सूल बंद करतात आणि सहा महिन्यांनी हाडांचा सापळा होऊन परत येतात. वडिलांना माहीत नसेल तर तुम्हीच सांगा.

त्यांना कॅप्सूल गिळता येत नसेल तर ती उघडून दाणे चमचाभर सफरचंदाच्या थंड गरात मिसळून द्या, लगेच, न चावता, आणि वरून पाणी पाजा. तोंडात दाणे अडकून राहिले तर हिरड्या सोलवटतात. दुसऱ्या कॉटवरची ती कातडी आठवा.